क्रियापदे दिलीत, त्यांची कर्मे कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षण पुरवणीत सध्या इंग्रजी क्रियापदांचे सदर येते. डावीकडे क्रियापद, मध्ये उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. आमच्याकडची मुले ती कात्रणे फळ्याशेजारी चिकटवतात आणि एकमेकांची परीक्षा घेतात. उपक्रम चांगला आहे, अर्थही नीट दिलेले असतात. तरीही हे पत्र तक्रारीचेच आहे.

मागच्या एका अंकात ही पाच क्रियापदे होती: एक्सप्लेन म्हणजे समजावून सांगणे, सजेस्ट म्हणजे सुचवणे, इन्फॉर्म म्हणजे कळवणे, डिस्कस म्हणजे चर्चा करणे आणि रीच म्हणजे पोहोचणे. पाचही अर्थ बरोबर आहेत. एवढेच पाठ करून मुलगा वाक्ये करायला बसला, तर पाचही वाक्ये चुकणार. कशी चुकणार हेही सांगते, कारण ती वाक्ये रोज माझ्या टेबलावर येतात: 'एक्सप्लेन मी धिस लेटर', 'सर सजेस्टेड मी टू अप्लाय', 'आय वुड लाइक टू इन्फॉर्म दॅट', 'वी डिस्कस्ड अबाउट सॅलरी', 'आय रीच्ड टू पुणे'. एकातही स्पेलिंगची चूक नाही, काळही चुकलेला नाही. क्रियापदामागे जे यायला हवे ते आलेले नाही, किंवा नको ते आले आहे.

मी इंग्रजीची शिक्षिका नाही. बार्शीत माझी टंकलेखन संस्था आहे. जुनी यंत्रे केव्हाच अडगळीत गेली, आता सगळे संगणकावर. सकाळी आणि संध्याकाळी परीक्षेच्या बॅचेस असतात. तीस शब्दांचा, चाळीस शब्दांचा स्पीड. त्या परीक्षेत छापलेला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा असतो, त्यामुळे तिथे व्याकरणाचा प्रश्नच येत नाही. दुपारी मात्र गावातली माणसे मसुदे घेऊन येतात. नोकरीचे अर्ज, कंपनीला पाठवायची ई-मेले, विमा कंपनीची पत्रे, परदेशात शिकायला निघालेल्या मुलीचे निवेदन. कागदावर किंवा मोबाइलवर लिहून आणतात आणि म्हणतात, "मॅडम, एवढं टाइप करून द्या, आणि इंग्लिश जरा बघा." ते 'जरा बघणे' म्हणजे दहातल्या आठ वेळा क्रियापदाचे कर्म जागेवर बसवणे असते.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पुण्यात एका कंपनीत नुकताच लागलेला मुलगा एसटीने गावी येत होता. झोप लागली, टेंभुर्णीला जाग आली तेव्हा लॅपटॉपची बॅग नव्हती. लॅपटॉप कंपनीचा. त्याने रात्रीच मोबाइलवरून साहेबांना कळवले: 'माय लॅपटॉप वॉज रॉब्ड इन बस. आय इन्फॉर्म्ड टू कंडक्टर.' सकाळी उलट प्रश्न आला: तुला मारहाण झाली का, शस्त्र दाखवले का, जबरी चोरीची फिर्याद दिली का? मुलगा घाबरून माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, मी साधी चोरीच सांगितली होती."

साधी चोरी आणि जबरी चोरी हे कायद्यातही वेगळे गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहितेत एकाचे कलम ३०३, दुसऱ्याचे ३०९. पण त्याच्या सदरात, म्हणजे तुमच्यासारख्याच कुठल्यातरी यादीत, स्टील आणि रॉब या दोघांपुढेही 'चोरणे' असे छापलेले असणार. त्यांची कर्मे कोणी सांगितली नाहीत. स्टीलचे कर्म म्हणजे गेलेली वस्तू: स्टोल माय लॅपटॉप. रॉबचे कर्म म्हणजे लुटला गेलेला माणूस किंवा लुटलेली जागा: रॉब्ड मी, रॉब्ड द बँक. वस्तू सांगायची असेल तर ती मागून 'ऑफ' लावून येते. 'लॅपटॉप वॉज रॉब्ड' म्हटले की लॅपटॉपलाच कोणीतरी रस्त्यात अडवून लुटले असे होते. मराठीत 'चोराने मला चोरले' असे पहिलीतले पोरही म्हणणार नाही. तीच समज इंग्रजीत लागते, फक्त ती कोणीतरी सांगायला हवी.

आम्ही नवा मजकूर केला तो असा: 'माय लॅपटॉप वॉज स्टोलन ऑन द बस व्हाइल आय वॉज अस्लीप. आय इन्फॉर्म्ड द कंडक्टर ॲट वन्स अँड रिपोर्टेड द थेफ्ट टू द पोलीस.' यातले दुसरे वाक्य मी मुद्दाम मुलांना दाखवते. इन्फॉर्म आणि रिपोर्ट, दोन्हीचा मराठी अर्थ 'कळवणे' असाच निघतो. पण इन्फॉर्मच्या लगेच मागे माणूस येतो, 'टू' नको. रिपोर्टच्या मागे आधी गोष्ट येते आणि माणूस 'टू' लावून नंतर. अदलाबदल केली की दोन्ही अर्धी वाक्ये चुकतात. केवळ अर्थ वाचून हे कसे कळावे?

आता ही गाडी अडते कुठे, ते माझ्या पद्धतीने सांगते. आपण मराठीत एका 'ला'वर फार कामे भागवतो. मला दे, मला दाखव, मला सांग, मला सुचव, मला समजावून सांग, मला कळव, मला बोलाव, मला मार. कर्म असो, ज्याला मिळते तो असो, 'ला' तोच. मी पुण्याला पोहोचले, इथेही 'ला'. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापद आपला हिशेब वेगळा ठेवते. गिव्ह, शो, टेल, सेंड, टीच, लेंड यांच्यामागे माणूस सरळ येऊन बसतो: गिव्ह मी, शो मी. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, मेन्शन, अनाउन्स, डोनेट यांच्यामागे तो तसा येऊ शकत नाही. आधी गोष्ट, मग 'टू मी'. यामागे इतिहास आहे. ढोबळमानाने पाहिले तर पहिल्या गटातली छोटी क्रियापदे मूळ इंग्रजी घरची आहेत आणि दुसऱ्या गटातली लांबलचक क्रियापदे लॅटिन-फ्रेंच वाटेने नंतर आली. त्यांनी घरच्यांची सवय उचलली नाही. ऑफर आणि प्रॉमिस हे त्याला अपवाद आहेत. ऑफर्ड मी अ जॉब, प्रॉमिस्ड मी अ रेज असे खुशाल म्हणता येते. पण एवढी ढोबळ खूण सांगितली तरी मुलांचे डोळे चमकतात, कारण पाठ करायच्या यादीत पहिल्यांदाच काहीतरी कारण दिसते.

दुसरे अडण्याचे ठिकाण म्हणजे आपले 'करणे'. चर्चा करणे, विनंती करणे, वर्णन करणे, मागणी करणे, लग्न करणे. आपण नाम घेतो आणि त्याला 'करणे' जोडतो. त्या नामाची शेपटी आधीच ठरलेली असते. पगाराविषयी चर्चा, साहेबांना विनंती, मुलीशी लग्न. मग इंग्रजीत जाताना ती शेपटी सोबत येते: डिस्कस अबाउट, रिक्वेस्ट टू, मॅरी विथ. गंमत अशी की इंग्रजी नामांनाही शेपटी लागतेच. अ डिस्कशन अबाउट सॅलरी बरोबर, अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह बरोबर, ॲन ऑर्डर फॉर टेन चेअर्स बरोबर. क्रियापद झाले की शेपटी गळते: डिस्कस सॅलरी, रिक्वेस्ट लीव्ह, ऑर्डर टेन चेअर्स. आन्सर, अप्रोच, अटॅक, डिमांड, डिस्क्राइब, एम्फसाइझ, सगळ्यांचे तेच. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत 'एम्फसाइझ ऑन' आणि 'डिमांड फॉर' हे इतक्या वेळा दिसते की माझे बोट बॅकस्पेसवर आपोआप जाते. तुमच्या सदरात डिस्कसशेजारी डिस्कशनचा छोटासा नमुना छापला, तर यातला निम्मा गोंधळ एका ओळीत मिटेल.

उलट बाजूही आहे. जिथे शेपटी हवी तिथे आपण ती कापतो. माझे ऐक म्हणून 'लिसन मी', माझी वाट बघ म्हणून 'वेट मी'. 'आय वॉन्ट टू अप्लाय द पोस्ट ऑफ क्लार्क' हे तर नोकरीच्या अर्जातले पहिलेच वाक्य असते. 'फॉर' विसरल्याने ते वाचणाऱ्याचे मन तिथेच कलुषित होते. लिसन टू, वेट फॉर, अप्लाय फॉर. याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, ही जोडीनेच पाठ करायची.

सजेस्टचे दुखणे मात्र निराळे आहे आणि ते सुशिक्षितांनाही सुटत नाही. आस्क, टेल, ॲडव्हाइझ, रिक्वेस्ट, ऑर्डर, अलाव, परमिट, रिमाइंड: यांच्यामागे माणूस आणि त्याच्यामागे 'टू'सकट क्रियापद येते. सर ॲडव्हाइझ्ड मी टू अप्लाय. सल्ला देणे आणि सुचवणे यांत मराठीत अंतर थोडे, म्हणून ॲडव्हाइझच्या जागी सजेस्ट ठेवले की झाले असे वाटते. सजेस्ट ते मानत नाही. सर सजेस्टेड दॅट आय अप्लाय, किंवा सर सजेस्टेड अप्लाइंग. रेकमेंड, प्रपोझ, इन्सिस्ट ही त्याच्याच वळणाची. इन्सिस्ट तर 'ऑन' मागते. मेक आणि लेट यांच्यामागे माणूस येतो पण 'टू' येत नाही: मेड हिम वेट, लेट हिम गो. आणि हेच मेक कर्मणी झाले की 'टू' परत येतो: ही वॉज मेड टू वेट. परीक्षेत 'व्हॉइस बदला' या प्रश्नात मुले हा 'टू' हमखास गाळतात, कारण व्हॉइस बदलण्याचे नियम त्यांना कर्माशिवाय शिकवलेले असतात: पुढचे मागे, मागचे पुढे, मध्ये 'बाय'.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण इंग्रजीच्या क्लासवाल्यांकडून ती कधी ऐकलेली नाही. कर्म ओळखण्यात मराठी माणूस मुळीच कच्चा नाही. ते ओळखल्याशिवाय त्याला भूतकाळात साधे वाक्य बोलता येत नाही. तो गेला, पण त्याने खाल्ला. कोण गेला आणि काय खाल्ला? आंबा असेल तर खाल्ला, चिंच असेल तर खाल्ली, केळे असेल तर खाल्ले. क्रियापदाला कर्म आहे की नाही आणि ते कोणत्या लिंगाचे, हे तोंडातून शब्द निघण्याआधी डोक्यात ठरलेले असते. शाळेत न गेलेली बाईही यात चुकत नाही. शिकणे, बोलणे, विसरणे अशी अडेल क्रियापदे आहेत, ज्यांना कर्म असून ती कर्त्याच्याच मागे जातात: ती गाणे शिकली, तो खोटे बोलला, मी किल्ली विसरले. तीही आपण बरोबर वापरतो. कोणी यादी करून दिली नव्हती. वाक्यातून ऐकली, म्हणून बसली.

तसेच पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. ग्लास फुटला आणि ग्लास फोडला यातला फरक घरातल्या सर्वांत लहान पोराला सर्वांत आधी कळतो, कारण शिक्षा त्यावर ठरते. इंग्रजीत बहुतेक वेळा एकच रूप दोन्हीकडे चालते: द ग्लास ब्रोक, ही ब्रोक द ग्लास, द डोअर ओपन्ड, शी ओपन्ड द डोअर. पण राइझ आणि रेझ, लाय आणि ले या जोड्या आपल्या पडणे-पाडणेसारख्याच आहेत. तेव्हा मुलांना 'इंट्रान्झिटिव्ह' म्हणून दटावण्यापेक्षा 'भाव चढले, भाव चढवले' एवढे सांगितले तर प्राइसेस रोझ आणि दे रेझ्ड द प्राइसेस हे दोन्ही क्षणात कळते. सातवी-आठवीत सकर्मक, अकर्मक, द्विकर्मक शिकवतात ते मराठीच्या तासाला. तास संपला, इंग्रजीचे सर आले की तेच ज्ञान दप्तरात जाते.

आपल्या या सवयीचा एक तोटा मात्र इंग्रजीत होतो. आपण कर्म उच्चारत नाही, कारण ते क्रियापदातच दडलेले असते. "पाठवली का?" म्हटले की फाइल, "पाठवला का?" म्हटले की अर्ज, "पाठवलं का?" म्हटले की पत्र. उत्तरही तसेच: "पाठवली." काही राहिले नाही. इंग्रजीत 'सेंट'ला ना लिंग ना वचन, त्यामुळे कर्म गाळले की ते गेलेच. 'डिड यू सेंड?' 'येस, आय सेंट.' 'प्लीज चेक अँड अप्रूव्ह.' काय पाठवले, काय मंजूर करायचे? 'इट' हा दोन अक्षरी शब्द आमच्याकडे मसुद्यात सर्वांत जास्त वेळा घालावा लागतो. आय सेंट इट, आय लाइक्ड इट, आय फाउंड इट. सहलीवरचा निबंध असला की शेवटी 'वी एन्जॉइड अ लॉट' ठरलेले. आपण 'मजा केली' म्हणतो तेव्हा कर्म म्हणजे मजा, ती वाक्यात आहे. एन्जॉयला मात्र काय एन्जॉय केले ते लागते. सांगायचे नसेल तर निदान 'आवरसेल्व्ह्ज'. ईट, रीड, राइट यांसारखी काही क्रियापदे कर्माशिवाय चालवून घेतात. आय हॅव ईटन म्हटले तर कोणी 'काय' विचारत नाही. म्हणजे इथेही ज्याचा त्याचा हिशेब वेगळा, आणि तो क्रियापदाबरोबरच शिकावा लागतो.

हा प्रश्न केवळ आपला नाही, आणि त्यावर उत्तर शोधून बरीच वर्षे झाली आहेत. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानमध्ये शिकवायला गेले. तिथल्या मुलांना अर्थ पाठ असत, वाक्ये जमत नसत. टोकियोत इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक हॅरोल्ड पामर यांचे काम पुढे नेताना त्यांनी क्रियापदांची वळणे पंचवीस नमुन्यांत बसवली. त्यांनी गेटन्बी आणि वेकफील्ड यांच्यासह केलेला कोश १९४२ साली, जपान आणि ब्रिटन युद्धात एकमेकांसमोर उभे असताना, टोकियोतच छापला गेला. १९४८ साली ऑक्सफर्डने तोच पुन्हा छापला आणि पुढे त्याचे ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून जगभर नाव झाले. त्याची एक जुनी आवृत्ती मी अप्पा बळवंत चौकातून आणली होती, ती संस्थेत असते. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे 'व्हीपी' आणि आकडा असतो. व्हीपी म्हणजे व्हर्ब पॅटर्न. आकडा बघायचा आणि पुस्तकाच्या सुरुवातीला त्या नमुन्याचे वाक्य शोधायचे. खरे सांगायचे तर ही पाने चाळायला कोणालाच आवडत नसे, आणि नंतरच्या आवृत्त्यांत ते आकडे गेलेही. आता सरळ 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' असे छापलेले असते. तेच कोश आता मोबाइलवर फुकट बघता येतात. पण मुले अर्थ बघतात आणि बंद करतात. त्या अर्थाच्या वरची ती ठळक ओळ वाचायची असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

या पत्रावर एक आक्षेप येईल, तो मी आधीच घेते. कोणी म्हणेल, भारतीय इंग्रजी आता मान्य झाले आहे. डिस्कस अबाउट नायजेरियातही चालते, आपल्याकडेही चालू दे. माझा भारतीय इंग्रजीला विरोध नाही. प्रीपोन हा शब्द मला फार आवडतो, ऑक्सफर्डच्या कोशातही तो गेला आहे, आणि मीटिंग प्रीपोन केली म्हणणाऱ्याचे कर्म अगदी जागेवर असते. 'डू द नीडफुल'ला शहरातली मंडळी हसतात. पण वळणाच्या दृष्टीने त्यात बोट ठेवायला जागा नाही. डिस्कस अबाउटने कोणाचे नुकसान होत नाही, हेही मान्य. पण 'आय हॅव इन्फॉर्म्ड दॅट' मध्ये कोणाला कळवले ते गाळले जाते, आणि विम्याच्या किंवा कोर्टाच्या कागदात नेमका तोच प्रश्न असतो. रॉबचे काय झाले ते वर सांगितलेच. शिवाय नोकरीच्या परीक्षांत 'चूक ओळखा' मध्ये हेच विचारतात. 'डिस्कस अबाउट' चालते असे सांगून त्या मुलाचा गुण कापला गेला, तर तो आपल्याकडे भरून मागणार नाही.

जुन्या कारकुनांचे इंग्रजी याबाबतीत आजच्यापेक्षा सरस होते, असे माझे मत आहे. शब्द त्यांना कमी येत असतील. पण ते नमुना-पत्रावरून उतरवत, आणि नमुन्यात क्रियापद आपल्या कर्मासकट येते. 'आय बेग टू स्टेट दॅट' हे कितीही जुनाट वाटले तरी बरोबर आहे, कारण स्टेटला माणूस लागत नाही. मला वाटते, पुढे कोणीतरी स्टेट काढून इन्फॉर्म घातले आणि बाकीचे तसेच ठेवले, म्हणून आज अर्जामागून अर्ज 'यू'शिवाय येतात.

आता मागणी. सदर बंद करू नये, ते चाललेच पाहिजे. त्यातला उच्चाराचा रकाना काढावा. उच्चार मोबाइलवर ऐकता येतो, आणि देवनागरीत 'सजेस्ट' वाचून तो फारसा सुधारतही नाही. त्या जागेत क्रियापदाचे वळण द्यावे: 'एक्सप्लेन' एवढे न छापता 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी'. त्याखाली एक वाक्य, आणि ते वाक्य गुलाब लाल आहे छापाचे नको. आमच्या गावच्या मुलाला लिहावे लागेल असे हवे: द मॅनेजर एक्सप्लेन्ड द न्यू शिफ्ट टू अस. दुसरे म्हणजे पाच क्रियापदे कुठलीही पाच न घेता एकाच वळणाची घ्यावीत. एका दिवशी आस्क, टेल, ॲडव्हाइझ, रिक्वेस्ट, अलाव. दुसऱ्या दिवशी अव्हॉइड, फिनिश, डिनाय, एन्जॉय, सजेस्ट, म्हणजे ज्यांच्यामागे 'इंग' येते ती. प्रोव्हाइड, सप्लाय, इक्विप एकत्र घेतली तर 'प्रोव्हाइड अस विथ टेन कम्प्युटर्स' हे एकदाच समजावून भागेल. रिमेंबर आणि स्टॉप ही दोघे मात्र स्वतंत्र दिवसाची मानकरी आहेत. रिमेंबर टू लॉक म्हणजे कुलूप लावायचे लक्षात ठेव, रिमेंबर लॉकिंग म्हणजे लावल्याचे आठवते. आणि स्टॉप्ड टू स्मोक म्हणजे ओढायला थांबला, स्टॉप्ड स्मोकिंग म्हणजे सोडली.

वाक्ये कमी पडत असतील तर माझ्याकडे मसुद्यांचा साठा आहे. नावगाव काढून, चुकीचे आणि दुरुस्त केलेले असे शेजारी शेजारी टाइप करून पाठवता येईल, मानधन नको. पुढच्या अंकाच्या जाहिरातीत 'रिमाइंड, अश्युअर, कन्व्हिन्स' अशी नावे दिसली. तिन्हींच्या मागे आधी माणूस लागतो, आणि मसुद्यांत तो तिन्हींच्या मागे गाळलेला असतो. निदान या अंकात तरी 'आश्वासन देणे' एवढ्यावर न थांबता 'अश्युअर समबडी दॅट' असे छापावे. पाने लागण्याआधी हे पत्र पोहोचेल अशा बेताने आजच टाकत आहे.

आपली नियमित वाचक,
टंकलेखन संस्थाचालिका, बार्शी